स्क्रीन सोडून आणलेला कॉम्प्युटर

आषाढी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. विहारातलं वाचन संपलं, वंदना झाली आणि मी पायरीवर चपला शोधत होते. वर्षावासाचे तीन महिने आमच्या दारव्ह्याच्या वस्तीतल्या बायका रोज संध्याकाळी पांढऱ्या साड्या नेसून विहारात जमतात. एकजण ग्रंथ वाचते, बाकीच्या ऐकतात. बाहेर चिखल असतो, त्यामुळे पायरीवर सगळ्या चपला एकाच रंगाच्या होऊन जातात. मी आपली दुसरी चप्पल ओढून काढत होते, तेवढ्यात शेजारच्या गयाबाईची नात समता मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"काकू, तुमच्या घरी नवा टीव्ही आला!"

"माह्या घरी?"

तिनं फोटो दाखवला. यवतमाळच्या एका दुकानाच्या काउंटरपुढे माझी मुलगी प्रज्ञा उभी. मागे चार खोके. वस्तीतल्या बायकांच्या ग्रुपवर तिनं फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्या घरची नवी खरेदी.' मग यादी. टीव्ही, त्याच्याखाली ठेवायचा लांबट स्पीकर, लॅपटॉप, प्रिंटर. त्याखाली लोकांचे अंगठे, फुलं, 'पेढे कधी?'

माझ्या घरात काय आलं ते मला दुसऱ्याच्या मोबाइलवरून कळलं.

गयाबाई चष्मा वर करून फोटो पाहत होती. "काय वो सुनंदा, बोलली नाही तू! केवढ्याले पडला?"

मी चप्पल पायात सरकवली आणि चालायला लागले. गयाबाई मागून म्हणाली, "काहून वो, काही चुकलं का माह्यं?" तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि असं माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे भाव विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. कोणी नवी वस्तू आणली की वस्ती ती पाहायला येते. येणारा आधी वस्तूला हात लावतो, मग विचारतो, "केवढ्याले पडला?" आणि तेव्हाच तो चहाला बसतो. भाव सांगणं हा त्या पाहुणचाराचाच भाग आहे. आणि गेली कित्येक वर्षं हे उत्तर घरमालकाच्या आधी मीच देत आले, कारण घेताना मी सोबत असते. कोणाला कूलर घ्यायचा, कोणाला मिक्सर, निरोप ठरलेला: "सुनंदाले घेऊन चाला." गयाबाईच्या घरचा टीव्हीसुद्धा माझ्याच तोंडाच्या जोरावर आला आहे.

हे तोंड मला कोणी शिकवलं नाही. बाजारानं शिकवलं. परकर, मॅक्सी, लहान मुलांचे कपडे यांचं गाठोडं शेअर जीपच्या टपावर टाकून मी दारव्ह्याचा आठवडी बाजार केला, बोरी अरबचा केला. पाल ठोकायचं, ताडपत्री अंथरायची, पाऊस आला की तीच ताडपत्री मालावर ओढायची आणि आपण भिजत उभं राहायचं. दिवसभर माझ्याशी बायका घासाघीस करायच्या. एका परकरासाठी किती प्रकारे भांडता येतं हे मी पाहत आले आणि त्यातलं चांगलं ते उचलत आले. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही. आधी दुसऱ्याच वस्तूचा भाव करायचा आणि तिला नावं ठेवायची. जमत नसेल तर उठून निघायचं, पण पिशवी मुद्दाम विसरायची, म्हणजे परत यायला कारण राहतं. आणि राग आला तर दाबायचा नाही. माझा राग खरा असतो, तो मला आणावा लागत नाही. पुष्कळ दुकानदारांनी नुसत्या त्या रागाला कंटाळून भाव तोडला आहे.

अशा बाईच्या घरात चार खोके न विचारता आले.

घरी पोचले तर प्रज्ञा आणि तिचे बाबा खाली बसून खोके उघडत होते. नव्या वस्तूचा तो एक वास असतो, थर्माकोल आणि प्लास्टिकचा, तो ओल्या कपड्यांच्या वासात मिसळला होता. पावसाळ्यात आमच्या घरभर दोऱ्यांवर कपडे असतात. प्रज्ञा माझ्याकडे पाहून हसली. मग तिनं नव्या टीव्हीच्या कोपऱ्यात नख घातलं आणि काचेवरची पारदर्शक पन्नी एका झटक्यात सोलून काढली.

आमचा जुना टीव्ही नऊ वर्षांचा झाला, त्याच्यावरची पन्नी अजून आहे. आत ओल शिरते, फुगे येतात, माणसांच्या तोंडावर ते फुगे फिरतात, पण पन्नी आहे.

"कशी आहे?" प्रज्ञानं विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणाले आणि भाकरी टाकायला आत गेले.

वर्षावास परत आला की मला तो एक वर्षावास आठवतो, आठ वर्षांपूर्वीचा. यंदा तर चुलीपुढे बसल्या बसल्याच आठवला, कारण त्याही वेळी सगळं यवतमाळच्या त्याच काउंटरपासून सुरू झालं होतं.

प्रज्ञा नुकतीच बी.ए. झाली होती. स्पर्धा परीक्षा द्यायची म्हणत होती. यवतमाळला राहून क्लास लावणं जमणार नव्हतं, पण एका क्लासवाल्यांचे शिकवण्याचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर मिळत होते. ते पाहायला कॉम्प्युटर हवा. मग आम्ही तिघं एसटीनं यवतमाळला गेलो. आमचे हे दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवरच थांबले. "तू भांडून ये, मी इथं आहो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

दुकानदार थंड माणूस होता. मला गरम माणूस चालतो. थंड माणसाशी भांडणं म्हणजे ओली लाकडं पेटवणं. तो तोंडानं भाव सांगायचाच नाही. कॅल्क्युलेटरवर आकडा टाकायचा आणि यंत्र माझ्याकडे वळवायचा. मी ते पुसायची, माझा आकडा टाकायची आणि परत वळवायची. असं पाच-सहा वेळा झालं. मी माझे सगळे डाव टाकले. माझा धंदा सांगितला, उन्हातान्हात मी कशी उभी राहते ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, एवढंच जमत असंल तर पोरीले मोबाइलवरच शिकू द्या. कॉम्प्युटर म्हणजे काही परकर नाही."

मी उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. परकर विकणाऱ्या बाईच्या जिवावरच तुमच्यासारख्यांची दुकानं चालतात, असं काहीतरी होतं. आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार. पंखे पाहायला आलेली माणसं पंखे सोडून मला पाहायला लागली. दुकानदार मात्र कॉम्प्युटरच्या स्क्रीनची वायर हातावर गुंडाळत होता. गुंडाळून त्यानं ती खोक्यात टाकली. मला वाटलं, याचं बोलणं संपलं, हा आता वस्तू आवरून ठेवतो आहे.

त्याच वेळी मागून माझा पदर ओढला गेला.

प्रज्ञा होती. मान खाली. माझे कान तापले. मला वाटलं, पोरीला लाज वाटली. आईनं भर दुकानात असा तमाशा केला आणि पोरीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझा सगळा जोर तिथंच गळाला. आता लवकर उरकावं म्हणून मी स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, "बरं, तो टीव्ही काढा याच्यातून. घरी आहे आमच्या. बाकीच्याचं किती?"

दुकानदारानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं कॅल्क्युलेटरवर आकडा टाकला. तो माझाच आकडा होता.

मी जिंकले होते. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं. माह्या भावात देला." पाऊस होता म्हणून कॉम्प्युटरचा डबा मॅक्सीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि प्रज्ञानं तो बसमध्ये मांडीवर घेतला. दारव्हा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आणि मी खिडकीबाहेर सोयाबीनची ओली वावरं पाहत एकच गोष्ट घोळत राहिले: पोरीला माझी लाज वाटते.

घरी आल्यावर मी काय जिंकून आणलं ते कळलं. कॉम्प्युटर टीव्हीला जोडता आला, त्याची वायर मिळाली. पण आमचा टीव्ही बाहेरच्या खोलीत, आणि बाहेरची खोली म्हणजे आमची निम्मी वस्ती. वर्षावासात विहारातून निघालेल्या बायका घरी जायच्या आधी आमच्याकडे टेकायच्या. गयाबाईकडे तेव्हा टीव्ही नव्हता. तिची एक सिरीयल ठरलेली होती, रोज आठ वाजताची, आणि आठ वाजताच प्रज्ञाचा अभ्यास.

पहिल्याच दिवशी गयाबाई येऊन बसली आणि पडद्यावर एक मास्तर फळ्यावर आगगाड्या काढताना दिसला.

"हा कोन वो?"

"प्रज्ञाचे सर आहेत, मावशी. आजपासून आठ ते नऊ अभ्यास."

"अन् माही सिरीयल?"

"उद्या दुपारी परत लागते ना."

"दुपारी म्या वावरात निंदाले जाऊ का सिरीयल पाहू?"

मला वाटलं, उठून जाईल. नाही गेली. रोज संध्याकाळी यायची, भिंतीला टेकून बसायची आणि मास्तरला शिव्या देत त्याला पाहायची. बाकीच्या बायकाही बसायच्या. कोणी शेंगा फोडायची, कोणी लसूण सोलायची. मी कपड्यांना बटणं लावायची. समोर टीव्हीवर, पन्नीच्या फुग्यांमधून, मास्तर शेकडेवारी शिकवायचा. मधे प्रज्ञा वही घेऊन बसलेली, पाठमोरी. तिची वेणी आणि हलणारा कोपर एवढंच मला दिसायचं.

एकदा मास्तरनं सूट शिकवली. आधी दहा टक्के सूट, मग उरलेल्यावर आणखी दहा टक्के, तर एकूण किती? बायका एका सुरात म्हणाल्या, वीस. मास्तर म्हणाला, एकोणीस. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. म्हणजे इतकी वर्षं 'ताई, दहावर आणखी दहा देतो' म्हणणाऱ्या प्रत्येक दुकानदारानं मला एका टक्क्यानं फसवलं होतं! मी उठून टीव्हीपुढे गेले आणि म्हणाले, "परत दाखव ते." प्रज्ञानं परत दाखवलं. गयाबाई म्हणाली, "आता हिच्या हाती कोनता दुकानदार सुटत नाही." त्या दिवशी प्रज्ञा पोट धरून हसली होती. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

आणखी एका संध्याकाळी आगगाड्यांचं गणित चालू होतं. दोन गाड्या समोरासमोरून येत होत्या, कुठं भेटतील ते काढायचं होतं, आणि नेमकी लाइन गेली. बाहेर धो धो पाऊस. टिनांवर आवाज एवढा की एकमेकींचं ऐकू येईना. मी मेणबत्ती लावली. घरी जायला उठलेल्या बायका दारापर्यंत जाऊन परत बसल्या. अंधारातून गयाबाईचा आवाज आला, "अन् मंग त्या गाड्या भेटल्या का नाही?" प्रज्ञानं मेणबत्तीच्या उजेडात वहीवर ते गणित सोडवलं आणि गयाबाईला समजावून सांगितलं. गयाबाईनं आयुष्यात एकदाही आगगाडीत पाय ठेवला नव्हता. तिनं सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई. नाही तं जिवाले घोर लागला असता."

तीन महिने असे गेले. आश्विन पौर्णिमेला विहारात खीर झाली, ग्रंथ मिटला, पांढऱ्या साड्या घड्या होऊन ट्रंकेत गेल्या. गयाबाईच्या सिरीयलमध्ये एका बाईचा खून झाला होता. तो कोणी केला ते तिला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि प्रज्ञा त्या वर्षी पास झाली नाही. थोडक्यात हुकली. त्याच्या पुढच्या वर्षीही हुकली. नोकरी लागायला आणखी दोन पावसाळे जावे लागले. आज ती यवतमाळला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळच्या एसटीनं येते.

तेव्हा त्या मोसमाच्या पदरी निकाल काही आला नाही. पण आज मागे वळून पाहते तर वाटतं, आली नाही त्या स्क्रीनचेच मोठे उपकार. ती आली असती तर आतल्या खोलीत टेबल लागलं असतं, दार लोटलं गेलं असतं आणि पोरीचा अभ्यास दाराआड झाला असता. मी बाहेरून नुसतं विचारलं असतं, झाला का अभ्यास? आमच्यासारख्या घरात आई-बापांना मुलांच्या पुस्तकात काय आहे ते कळत नाही, आणि एका वयानंतर मुलंही सांगत नाहीत. मला मात्र तीन महिने रोज एक तास माझ्या पोरीच्या डोक्यात काय चाललं आहे ते समोर दिसत होतं. कुठं तिला चटकन येतं, कुठं ती पेनाचं टोपण चावते, चुकलं की कानाची पाळी कशी ओढते. हे मला कोणत्या भावात मिळालं असतं?

त्या बायकांचेही उपकारच. त्यांनी सिरीयल सोडली. हे छोटं नाही. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात वाकून आलेल्या बाईला संध्याकाळचा तो अर्धा तासच स्वतःचा असतो, आणि तो त्यांनी माझ्या पोरीच्या मास्तरला दिला, शिव्या देत देत.

एवढं सगळं गोड असूनही आत एक कुसळ होतं. तो पदर. प्रज्ञानं ओढलेला. मी तिच्याशी त्यावर कधी बोलले नाही. पण त्यानंतर वस्तीतल्या कोणासाठीही खरेदीला गेले तरी तिला सोबत नेलं नाही. तीही कधी 'येते' म्हणाली नाही. आणि आता तिनं चार वस्तू घेतल्या त्या मला न सांगता. माझ्या मनात हिशेब जुळला. पोरगी कमावती झाली, काचेच्या दारांच्या दुकानात जायला लागली, तिथं तिला भांडणारी आई नको.

पाच दिवस मी नव्या टीव्हीपुढे बसले नाही. आमचे हे रोज लहान मुलासारखे लांबट स्पीकरसमोर बसायचे. "आवाज ऐक ना, कसा घुमते!" मी आतून म्हणायची, "घुमू द्या." वस्ती पाहायला येऊन गेली. प्रत्येकीनं टीव्हीला हात लावला आणि प्रत्येकीनं माझ्याकडे वळून तोच प्रश्न विचारला. मी दर वेळी चहाच्या निमित्तानं उठले.

रविवारी दुपारी पाऊस लागून राहिला होता. मी कपड्यांचा ढीग घेऊन बसले होते, प्रज्ञा प्रिंटर लॅपटॉपला जोडत होती. तिनं माझ्याकडे न पाहताच विचारलं, "आई, तू माह्याशी बोलून काहून नाही राह्यली?"

मग मात्र मी फुटले. "काय बोलू? माह्या घरात काय येते ते मले गयाबाईची नात सांगते! तुले माही लाज वाटते ना? सरळ सांग ना एकदा."

"लाज?" तिनं हातातली वायर खाली ठेवली.

"त्या दिवशी दुकानात माहा पदर ओढला होता तुनं. आठ वर्षं झाले. मी विसरली असंल असं वाटते का तुले?"

ती माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "कायले ओढला ते तू कधी विचारलं का?"

"विचाराचं काय त्यात!"

"आई, तो माणूस स्क्रीनची वायर गुंडाळून खोक्यात टाकून राह्यला होता. आठवते?"

"आठवते."

"आपल्याच खोक्यात टाकली होती त्यानं. तो देऊन चुकला होता. तू एक मिनिट गप्प राह्यली असती तं तुह्याच भावात स्क्रीनबी भेटली असती. थांब म्हणून म्या पदर ओढला. अन् तुनं स्क्रीनच सोडून देली!"

मी हातातली मॅक्सी तशीच धरून बसले. डोळ्यांपुढे ते खोकं आणलं. खरंच, काउंटरच्या आतल्या बाजूचं नव्हतं ते. आमच्याच डब्याशेजारी ठेवलेलं होतं. माल भरणाऱ्या हातांना मी माल आवरणारे हात समजले. बाजारात एवढी वर्षं काढून.

"मंग बोलली काहून नाही? बसमध्ये?"

"तू जिंकली म्हणून केवढी खूश होती! बाबाले सांगत होती. कसं बोलू?"

बाहेर पन्हाळीतून पाणी बादलीत पडत होतं. बादली भरून वाहायला लागली तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही.

"अन् हे?" मी नव्या टीव्हीकडे हात केला. "हे घेताना काहून नाही नेलं मले?"

"तुले सोबत नेलं असतं तं दाखवलं कोनाले असतं?"

आयुष्यभर मी लोकांच्या खरेदीत पुढे राहिले, लोकांच्या वस्तू लोकांना दाखवल्या. कोणी एखादी वस्तू खास मला दाखवण्यासाठी घरी आणेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तरी मी विचारलंच, कारण विचारल्याशिवाय राहवेना, "सांगितल्या भावात तं नाही ना घेतलं?"

प्रज्ञा हसली. "तीन दिवस गेली दुपारच्या सुट्टीत. पयल्या दिवशी जमलं नाही तं उठून निंघाली. जेवनाचा डबा तिथंच विसरून."

"विसरून?"

"मुद्दाम. दुसऱ्या दिवशी डबा न्याले जाणं भाग होतं ना."

मग ती माझ्या कानाशी आली आणि तिनं भाव सांगितला. मी मनातल्या मनात हिशेब केला. आणखी थोडं तुटलं असतं. ते मी जिभेवर आणलं आणि गिळून टाकलं. उठले, बादली रिकामी केली आणि पहिल्यांदाच नव्या टीव्हीपुढे जाऊन बसले. आवाज खरंच घुमत होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी गयाबाई विहारातून येताना माझ्याबरोबर चालायला लागली. समताला कॉम्प्युटर घ्यायचा होता. "तुले यावं लागते," म्हणाली. मी म्हणाले, "मी एकटी नाही येत. प्रज्ञाले घेऊन जाऊ." गयाबाई जरा थांबली, मग म्हणाली, "कोनालेबी ने. पन या वख्ती त्याचा टीव्ही संगं आनजो. माही सिरीयल दुसऱ्यांदा बुडाली नाही पाहिजे."

प्रज्ञाच्या सुट्टीच्या दिवशी मी, ती आणि समता अशा तिघी गेलो. दुकान तेच. आता काचेचं दार लागलं आहे, आत गारवा आहे. मालकाचे केस पांढरे झाले आहेत, पण कॅल्क्युलेटर तसाच हाताशी. मला पाहून तो म्हणाला, "या ताई. परकराचं दुकान कसं चाललं?" म्हणजे त्यालाही आठवत होतं. मी म्हणाले, "चाललं तुमच्यासारख्यांच्या आशीर्वादानं," आणि मागच्या स्टुलावर जाऊन बसले. भाव प्रज्ञा करणार होती.

तिची रीत वेगळी. आवाज नाही, राग नाही. त्यानं आकडा टाकायचा, तिनं पुसायचा, आपला टाकायचा आणि गप्प बसायचं. त्या गप्प बसण्यात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. मी कधी गप्प बसलेच नाही. माझी जीभ टाळ्याला लागून फुरफुरत होती. समता एकदा माझ्याकडे पाहायची, एकदा तिच्याकडे. बराच वेळ गेला. आकडे जवळ आले, पण जुळेनात. मालकानं यंत्र खाली ठेवलं आणि मान हलवली.

प्रज्ञा म्हणाली, "बरं, मग असं करा, स्क्रीन राहू द्या. यांच्या घरी टीव्ही..."

मी मालकाच्या हातांकडे पाहिलं. ते स्क्रीनची वायर गुंडाळत होते.

मी स्टुलावरून जराशी वाकले आणि प्रज्ञाची ओढणी मागून हळूच ओढली.

ती थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. मालकानं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग आपल्याच हातातल्या वायरीकडे पाहिलं. मग ती वायर समताच्या खोक्यात टाकली आणि म्हणाला, "न्या स्क्रीनबी. तुम्ही दोघी संगं येत असाल तर मले दुकान बंद करावं लागते."

परतीच्या बसमध्ये स्क्रीनचं खोकं माझ्या मांडीवर होतं. बाहेर सोयाबीन फुलावर आलं होतं. प्रज्ञा खिडकीशी बसून बाहेर पाहत होती आणि हसू दाबत होती. एवढी हुशार पोरगी, आठ वर्षं एक वायर ध्यानात ठेवणारी. तिला या वेळी तेच हात दिसले नाहीत? की दिसले होते आणि तिनं ते वाक्य माझ्यासाठी अर्धं सोडलं होतं? एक गोष्ट न विचारता मी आठ वर्षं मनात कुढत राहिले होते. ही दुसरी मात्र मी तिला विचारणार नाही. ती न विचारलेलीच मला हवी आहे.

गयाबाई दारातच उभी होती. खोकं पाहून तिनं दोन्ही हात पुढे केले, आत नेऊन ते टेकवलं आणि मग माझ्याकडे वळली.

"केवढ्याले पडला वो?"

"मले नाही माहीत, मावशी," मी म्हणाले. "पोरीले विचारा. तिनं आणला."